सरांनी कबूतर कधीच पाळलं नाही

आमच्या कबूतर मंडळाची वेबसाइट जे सर चालवायचे, त्यांच्याकडे एकही कबूतर नव्हतं. कधीच नव्हतं. पिसांचा वास आला की त्यांना शिंका सुरू व्हायच्या. माझ्या गच्चीवरची कबुतरांची ढाबळ बघायला यायचे ते नाकाला पंचा बांधून, दरोडेखोरासारखे. जिन्यातूनच विचारायचे, "वहिनी, झाडून झालं का?" झालं म्हटलं तरी शेवटच्या पायरीवर थांबायचे आणि तिथूनच मान लांब करून एकेका पाखराच्या पायातली कडी वाचायचे. चष्मा जाड होता, पण आकडा चुकल्याचं मला आठवत नाही.

मंडळ सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचं, शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांचं. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. होमर जातीचं कबूतर पेटीत घालून लांब नेऊन सोडलं, तर ते आपल्या ढाबळीत परत येतं. कुणाचं आधी येतं, ती शर्यत. पिल्लू अगदी लहान असताना त्याच्या पायात एक कडी घालतात. पाय वाढला की ती पुन्हा निघत नाही. कडीवर मंडळाची अक्षरं आणि त्या पाखराचा आकडा असतो. एवढंच त्याचं नावगाव. ते वाट चुकून परक्या दारात उतरलं, तर कुणाचं आहे हे त्या माणसाला कळायला हवं. आणि ते कळायची एकच जागा होती, सरांची वेबसाइट. ती अक्षरं आणि तो आकडा मोबाइलमध्ये टाकला की तिचं पान उघडायचं आणि खाली सरांचा फोन नंबर दिसायचा.

सर म्हणजे टायपिंगचे सर. सांगलीत स्टँडच्या मागं त्यांचा क्लास होता. आधी मशीन होती, नंतर कॉम्प्युटर आले. माझे मालक आणि मंडळातले आणखी दोघं-तिघं शर्यतीचा निकाल टाइप करून घ्यायला त्यांच्याकडे जायचे. एकदा सरांनी जुना निकाल आणि नवा निकाल शेजारी ठेवून विचारलं, "हे एकच पाखरू मागच्या वेळी कडेगावचं होतं. आता साताऱ्याचं कसं झालं?" जो तो वेगळंच सांगू लागला. दुसरा माणूस असता तर टाइप करून मोकळा झाला असता. सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. तेव्हा ते मंडळात शिरले, ते शिरलेच. पुढं पुस्तक आणून वेबसाइट करायची कशी तेही शिकले. आमच्यापैकी कुणी त्यांना कर म्हटलं नव्हतं.

आयुष्यभर पोरांना मजकूर सांगून सांगून त्यांना एक खोड लागली होती. बोलताना विरामचिन्हंही बोलायचे. "वहिनी, चहात साखर कमी, स्वल्पविराम, आलं नको, पूर्णविराम." घरी बायकोशी भांडतानाही पूर्णविराम द्यायचे आणि त्यानंतर खरंच एक शब्द बोलायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "शिंकंला काय देता वो?" म्हणाले, "उद्गारचिन्ह. पण सांगायला सवड मिळत नाही."

वेबसाइट त्यांच्यासारखीच होती. वर हिरव्या पट्टीत मंडळाचं नाव, खाली काळी अक्षरं. चित्रं नाहीत, गाणी नाहीत. एकच चैन केली होती. नवी नोंद असली की तिच्यापुढं 'नवीन' हा शब्द लाल रंगात लुकलुकायचा. प्रत्येक पाखराचा आकडा, रंग, नर की मादी, मालक, गाव, आई-बाप. एकदा कवठे महांकाळच्या एका नव्या सभासदाला फोनवर विचारत होते. रंग झाला, गाव झालं, मग म्हणाले, "आईचा आकडा?" पलीकडून आवाज आला, "आईचं आधार कार्ड गावाकडं हाय सर, उद्या चालंल का?" सर म्हणाले, "चालेल. पण कबुतराच्या आईचा आज द्या."

'हरवलेली' असं एक पान होतं आणि 'सापडलेली' असं एक. हरवलेलं पाखरू त्या पानावरून ते कधी काढत नसत. मी म्हणायचे, ससाण्यानं कवाच खाल्लं असंल, काढा की. ते म्हणायचे, "ससाण्यानं कळवलेलं नाही."

माणूस हट्टी होता, हे सांगायला हवं. वेबसाइटला कुणाला हात लावू देत नसत. पासवर्ड बायकोलासुद्धा ठाऊक नव्हता. कुणी म्हटलं, सर, मी करतो थोडं, तर त्याला आधी टायपिंगची परीक्षा द्यायला सांगायचे. कौतुक तर कधी कुणाचं केलं नाही. शर्यत जिंकणाऱ्यालाही एवढंच म्हणायचे, "आकडा कळवा."

माझे मालक गेले तेव्हा घरात माणसं भरली होती. जो तो कबुतरांचं काय करायचं ते ठरवत होता. पुतण्या म्हणाला, विकून टाकू. नणंद म्हणाली, सोडून देऊ, पुण्य लागेल. होमर सोडून दिलं तर परत ढाबळीतच येतं, हे तिला कुणी सांगावं? सर आले, जिन्याजवळ बसले, दोन शिंका दिल्या आणि मला म्हणाले, "वहिनी, ढाबळीच्या मालकाच्या जागी कुणाचं नाव लिहायचं?" नणंद चिडली. म्हणाली, माणूस जाऊन चार दिस न्हाई झालं आन् ह्यास्नी नाव बदलायची घाई. मला मात्र बरं वाटलं. एवढ्या माणसांत मला विचारणारा तो एकटाच निघाला. मी म्हटलं, माझं लिवा. मी चौथी शिकलेली बाई. रेशन कार्ड आणि मतदार यादी सोडून माझं पूर्ण नाव तोवर कुठं छापून आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांनी मोबाइलवर ते पान उघडून दाखवलं आणि कसं उघडायचं ते शिकवलं. माझ्या नावापुढं 'नवीन' लुकलुकत होतं.

मग ग्रुप आला. आधी व्हॉट्सअॅपचा, मग बाकीचं. मी त्याला नावं ठेवणार नाही, मीसुद्धा दिवसातून दहादा बघते. कुठं दाणे स्वस्त, कुणाच्या पाखराला काय आजार, लगेच कळतं. वेबसाइटवर तसं नव्हतं. सर सकाळी आंघोळ करून एकदा बसायचे, तेवढंच.

आमचे अध्यक्ष बेदाण्याचे व्यापारी. नाव सांगत नाही, जिवंत आहेत आणि भांडखोर आहेत. त्यांच्याबरोबर कडेगावचा एक तरुण सभासद असायचा. स्वतःची गाडी होती, पेट्या न्यायच्या आणि पाखरं सोडायची हे काम त्याच्याकडे. माणूस कामाचा, पण हातातून मोबाइल सुटत नसे. त्याच्या व्हिडिओंनी मंडळाचं नाव लांबवर गेलं, हे खरं आहे. पाच-सहा नवे सभासद तेवढ्यावर आले. एका बैठकीत तो म्हणाला, "आवं सर, राग मानू नका, पर आता कोण बघतंय वेबसाइट? समदं ग्रुपवर येतंय की."

"ग्रुपवर परवा आलेलं आज शोधून दाखवा," सर म्हणाले.

त्यानं अंगठ्यानं सरकवायला सुरुवात केली. शुभ सकाळ, देवाचे फोटो, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, परत शुभ सकाळ. आमचा चहा पिऊन झाला तरी तो सरकवतच होता.

अध्यक्ष म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे गड्या. सर, जमाना बदलला. दरसाली त्याचं भाडं भरायचं, कशापायी? मोसम संपला की बैठकीत ठरवून टाकू. बंद करायची तर बंद."

सर पिशवी उचलून निघाले. पूर्णविरामसुद्धा म्हणाले नाहीत, तेव्हा मला कळलं की लागलंय. क्लास बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. त्या माणसाला सकाळी उठून जाण्यासारखी तेवढी एकच जागा राहिली होती.

आता पाखरं सोडायची आमची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सोडणारा माणूस जागेवर पोचला की सरांना फोन करायचा. सर विचारायचे, "समोर काय दिसतं?" त्यानं डोंगर सांगायचा, टॉवर सांगायचा, देऊळ सांगायचं. लांबचं काही दिसत नसेल तर सर म्हणायचे, "थांबा." दिसायला लागलं की वेबसाइटवर वेळ लिहायचे आणि मग म्हणायचे, "सोडा." तोवर पेटीच्या दाराला हात लावायचा नाही. घर सोडून कधी सांगलीबाहेर न जाणारा, कबूतर न पाळणारा माणूस सांगणार, आणि डोंगरावर उभा असलेला माणूस ऐकणार. हसण्यासारखं आहे, पण कुणी कधी मोडलं नव्हतं.

त्या मोसमातली शेवटची शर्यत महाबळेश्वराहून होती. मी दोन पाखरं पाठवली होती. त्यातली एक निळी मादी माझ्या मालकांनी हातानं वाढवलेल्या जोडीची. सकाळी मी गच्चीवर मका निवडत बसले होते. ग्रुपवर टिंग वाजलं. व्हिडिओ होता. पेट्यांची दारं उघडली आणि पाखरं पांढऱ्यात शिरली. शिरली ती दिसेनाशीच झाली. वर गाणं लावलेलं. खाली लिहिलं होतं, 'ढगातून घराकडे'.

मला क्षणभर कळलंच नाही. मग सरांचा फोन आला. "वहिनी, त्या व्हिडिओत तुम्हाला डोंगर दिसतो का?"

"डोंगर कसला? पुढचं रेलिंग दिसंना."

"मला फोन आलेला नाही," सर म्हणाले. एवढंच म्हणून ठेवून दिला.

धुक्यात कबुतराला दिशा धरता येत नाही. नुसतं घिरट्या घालतं, दमतं आणि मिळेल तिथं उतरतं. हे कडेगावच्याला माहीत नव्हतं असं नाही. धुक्यातून पाखरं उडताना छान दिसतात, हेही त्याला माहीत होतं. रेंज मिळेना, उशीर होईल, धुकं आत्ता हटेल, अशी कारणं त्यानं नंतर सांगितली. रेंज मिळत नव्हती तर व्हिडिओ कसा चढला, हे मी सगळ्यांसमोर विचारलं. त्यानं मोबाइल खिशात घातला.

सरांनी दुपारी सगळीच्या सगळी पाखरं 'हरवलेली' या पानावर टाकली. अध्यक्षांनी फोन करून त्यांना झाडलं. "आवं, अजून दिस मावळला न्हाई, आन् हरवली म्हणताय? अपशकुन करताय व्हय?"

"आलेलं कळवा," सर म्हणाले. "लगेच काढतो."

संध्याकाळपर्यंत थोडी आली. माझा नर आला, मादी आली नाही. बहुतेकांच्या ढाबळी रिकाम्या. ग्रुपवर जोडलेले हात आणि रडकी तोंडं यांची रांग लागली. तो व्हिडिओ तिकडं मंडळाबाहेरच्या लोकांना भारी आवडत होता. पाखरं गेली हे बघणाऱ्यांना कुठं माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी जाऊन बसले. मादीची काळजी होती म्हणून गेले, सरांसाठी नाही. टेबलावर फोन, शेजारी कॉम्प्युटर, नाकाला पंचा. मी ढाबळ झाडून तशीच गेले होते. सकाळीच पहिला फोन आला. बाईमाणूस होतं, महाबळेश्वराखालच्या एका स्ट्रॉबेरीवाल्याच्या घरातलं.

"हालो, कबुतरवालं का?"

"मी कबुतरवाला नाही. पण बोला."

"आवं, आमच्या वाफ्यावर एक पाखरू बसलंय कालधरनं. उडंना. पायात कायतरी घातलंय, वर आकडं हायत. सासूबाई म्हणत्यात करणी हाय, हात लावू नगा. धाकटीनं आकडं मोबाइलात टाकलं, तवा तुमचं हिरवं पान आलं."

"सासूबाईंना सांगा, करणी नाही. पाणी ठेवा, थोडी ज्वारी टाका, मांजर बांधा. आता आकडा सावकाश वाचा."

तिनं वाचला, सरांनी टाइप केला आणि पडदा माझ्याकडे वळवला. पाखरू कडेगावच्याचं होतं. त्याचा सगळ्यांत चांगला नर, ज्याच्या जिवावर तो दर वर्षी मिरवायचा. मी म्हटलं, "करू नका त्याला फोन. भोगू दे चार दिस." सर म्हणाले, "पाखरानं काय केलंय?" आणि लावला. "तुमचा नर सापडला आहे. पत्ता पाठवतो. जाताना बाईंसाठी काहीतरी घेऊन जा, पूर्णविराम."

मग फोन येत राहिले. हॉटेलचा आचारी, टॅक्सीवाला, वाईकडचा एक म्हातारा, ज्याला सर बोललेलं ऐकू येत नव्हतं आणि जो प्रत्येक आकड्याला "व्हय व्हय" म्हणत होता. प्रत्येकाला सर तेच सांगत होते, पाणी, ज्वारी, मांजर. साताऱ्यातली दोन पाखरं मात्र ग्रुपमुळं सापडली. कुणाच्या तरी मेहुण्याच्या गॅलरीत होती आणि त्यानं व्हिडिओ बघितला होता. सरांनी ती नोंदताना पुढं लिहिलं, 'ग्रुपवरून समजले'. मी म्हटलं, हे कशाला लिवता? बैठकीत तुमच्यावरच उलटंल. ते म्हणाले, "समजलं ग्रुपवरूनच ना?"

बरीच पाखरं आली. सगळी नाही. माझी मादी आली नाही.

बैठक अध्यक्षांच्या बेदाण्याच्या गोदामात झाली. बॉक्सांवर बसलो. विषय ठरलेलाच होता, वेबसाइट ठेवायची की नाही. कडेगावचा मागं दाराशी उभा होता. अध्यक्ष म्हणाले, "बोला, तुमीच विषय आणला हुता." तो म्हणाला, "माझं काय म्हणणं न्हाई." मी म्हटलं, "बोल की रं. व्हिडिओत तर लय बोलतोस." लोक हसले. तो पुढं आला आणि म्हणाला, "मावशी, तुमची मादी माझ्यापायी गेली. माझ्या नराची पिल्लं हुतील, त्यातली पहिली जोडी तुमची. आन् वेबसाइट ऱ्हाऊ दे." जोडी मी घेतली. नाही कशाला म्हणू?

हात वर झाले. वेबसाइट राहिली. पण अध्यक्ष हरून गप्प बसणारे नव्हते. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पर सर, खरं बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. उद्या तुमी न्हाई राहिला तर? पासवर्ड तुमच्या डोक्यात. तुमच्यासंगं तीबी जाणार. मग आज हात वर करून काय उपेग?"

ते खरं होतं. सरांनी पंच्याची घडी घातली. मग उठले, क्लासमध्ये उभे राहायचे तसे ताठ, आणि मजकूर सांगावा तसा पासवर्ड सांगायला लागले. हे अक्षर मोठं, ते लहान, मध्ये आकडा, मग चिन्ह.

अध्यक्ष दचकून उभे राहिले. "आवं सर! पासवर्ड असा भर सभेत सांगत्यात व्हय?"

"मग कसा सांगतात? सगळ्यांची आहे ना?"

मागून एक जण ओरडला, "सर, परत एकदा सांगा की, मधलं ऱ्हायलं." सरांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितला. लोक मोबाइलमध्ये टिपत होते. वर्षानुवर्षं ज्या दाराला कुणाला हात लावू दिला नाही, त्याच्या किल्ल्या त्या माणसानं मूठभरून वाटल्या. मला त्यांच्याबद्दल जे काही मोठं वाटलं, ते तेव्हा.

पुढं जे व्हायचं तेच झालं. दुसऱ्याच दिवशी वेबसाइटवर एका नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर आला. मग कुणीतरी दिवाळीच्या शुभेच्छा टाकल्या, तेव्हा होळी जवळ आली होती. कुणी बोकड विकायला काढला. सर रोज सकाळी बसून साफ करायचे. कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. बोकड मात्र विकला जाईपर्यंत राहू दिला. नोंद नीट केली होती म्हणाले, वय, रंग, गाव, फोन, सगळं होतं. हळूहळू लोकांची हौस फिटली आणि ज्यांना खरंच काम होतं तेवढेच उरले.

सर जाऊन आता दोन वर्षं होत आली. आजारी पडून गेले, फार हाल झाले नाहीत. वेबसाइट चालू आहे. एक जण पाखरं नोंदवतो, एक जण निकाल टाकतो, कडेगावचा भाड्याचं बघतो. फोन नंबर माझा आहे, कारण मंडळात दिवसभर घरी असणारी मी एकटीच. अध्यक्ष अजून अधूनमधून म्हणतात, कोण बघतंय ते. मी वाद घालत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या गच्चीवर एक परकं होमर उतरलं. दमलेलं, पायात कर्नाटकातल्या कुठल्यातरी मंडळाची कडी. मी अक्षरं आणि आकडा मोबाइलमध्ये टाकला. त्या मंडळाची वेबसाइट नाही. व्हिडिओ मात्र ढीगभर. पाखरं उडताहेत, माणसं बक्षिसाचे कप घेऊन उभी आहेत, गाणी वाजताहेत. फोन नंबर कुठंच नाही. मी एका व्हिडिओखाली लिहिलं, 'तुमचं कबूतर सांगलीत माझ्याकडे आहे, घेऊन जा.' एकानं अंगठा दिला. एकानं आगीचं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यावर नवे व्हिडिओ चढले आणि माझं लिहिलेलं मलाच सापडेना.

मग मी आमच्या वेबसाइटवर 'सापडलेली' या पानावर त्याची नोंद केली. अक्षरं, आकडा, रंग, नर, सांगली, माझा फोन. एका बोटानं टाइप करायला सकाळ गेली. मालकाला शोधायची बुद्धी झाली तर त्याला सापडेल. तोवर पाखरू माझा मका खातंय, आणि खातंय भरपूर.